गियरची की बिनगियरची

आमच्या भाऊजींइतका निर्णयाचा आदर करणारा माणूस साऱ्या दिल्लीत सापडणार नाही. हा आदर इतका खोल आहे, की ते निर्णयाच्या फार जवळ सहसा जात नाहीत. लांबून नमस्कार करतात, त्याची चौकशी करतात, त्याच्याबद्दल चार जणांचं मत घेतात आणि घरी परत येऊन चहा पितात. तो चहासुद्धा ताईने न विचारता पुढ्यात आणून ठेवला तरच. ‘चहा की कॉफी?’ असं विचारण्याची चूक मी एकदा केली होती. त्यावर ‘दोन्हीला दूध एकच वापरणार का?’ असा प्रतिप्रश्न आला, मग साखरेबद्दल एक आला, आणि तोवर गॅसवरचं पाणी आटून गेलं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात, खरेदी विभागात गेली. तिथे टाचणीची डबी घ्यायची तरी तीन ठिकाणचे दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो वर पाठवायचा, अशी रीत. निवृत्तीच्या दिवशी हार, शाल आणि नारळ यांच्याबरोबर ती रीतही ते फरीदाबादच्या घरी घेऊन आले. आता ते भेंडी आणायला जातात तेव्हा तीन गाड्यांवर भाव विचारतात, चौथ्या गाड्याशी उभे राहून तक्ता करतात आणि पहिल्या गाड्याकडे परत येतात. तोवर तिथली भेंडी संपलेली असते. मग ते घरी येऊन ताईला सांगतात, “प्रस्ताव कालबाह्य झाला.” मेट्रो स्टेशनवर दोन लिफ्ट एकदम आल्या तर ते जिन्याने जातात. लग्नाच्या वेळी त्यांनी साताऱ्याला येऊन ताईला पाहिलं, पोहे खाल्ले, आणि दिल्लीला परतल्यावर आमच्या वडिलांना पत्र पाठवलं, की आपला प्रस्ताव सहानुभूतीपूर्वक विचाराधीन आहे. तो नऊ महिने विचाराधीन राहिला. शेवटी ताईनेच, घरात कुणाला न सांगता, एक कार्ड टाकलं: ‘आपला होकार आहे असे समजून आम्ही पुढील तयारीस लागलो आहोत. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे.’ आठ दिवसांत हरकत आली नाही. ते कार्ड भाऊजींनी फायलीत लावून ठेवलंय.

ताई अगदी उलट. दिल्लीत आल्यावर वर्षभर तिने अळूसाठी तोंड बारीक केलं, मग उठून स्वतःच अळू लावला. अळूमागून गवती चहा आला, मग कढीपत्ता, ओवा, सोनचाफा, आणि बघता बघता फरीदाबादच्या टोकाला तिची नर्सरी उभी राहिली. नोएडापासून गुरुग्रामपर्यंतच्या निम्म्या मराठी घरांच्या बाल्कनीत ताईचा कढीपत्ता आहे. पण तिचं मुख्य काम कचेऱ्यांचं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या दोन-तीन इमारतींत दर पंधरा दिवसांनी टवटवीत कुंड्या नेऊन ठेवायच्या आणि एसीत पिवळ्या पडलेल्या माहेरपणाला परत आणायच्या. हे सगळं ती स्वतःच्या पिकअपमधून करायची. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला ओढणी आणि हातात स्टीअरिंग. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा तिला ‘गमलेवाली आंटी’ म्हणून वाट द्यायचे. भाऊजी तिच्या शेजारी बसायचे आणि मांडीवर सर्वांत नाजूक कुंडी धरायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. नोकरीचा सगळा काळ चार्टर्ड बसमधली खिडकीची एक जागा त्यांच्या नावाने ठरलेली होती. शिकायची गरजच पडली नाही. शिवाय शिकायचं तर कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, हा प्रश्न होताच.

तर ही पिकअप दहा वर्षांची झाली. आमच्याकडे, दिल्लीच्या परिसरात, डिझेलच्या गाडीने दहा वर्षं पूर्ण केली की नियमाने तिला रस्ता बंद होतो. मग ती कितीही धडधाकट असो. आणि नेमकं त्याच सुमाराला ताईच्या तीन वर्षं कुरकुरणाऱ्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी फोटो बघून पुन्हा सांगितलं, की गुडघा बदलावा लागेल, जितका लवकर तितका बरा, आणि तोवर क्लच दाबायचा नाही. ताई म्हणाली, “बदलू की. सीझन संपू दे.” आमच्याकडे नर्सरीचा सीझन दसऱ्याला सुरू होतो आणि होळीनंतर ओसरतो, पण ताईचा सीझन गेली तीन वर्षं संपलेला नव्हता. मागच्या होळीलाही ती हेच म्हणाली होती. जिना उतरताना ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची आणि कुणी बघतंय असं दिसलं की मध्येच थांबून कठड्यावरची धूळ पुसायची.

उपाय उघड होता. मी नोएडातल्या एका ऑफिसचं प्रशासन बघते. खुर्च्या, जनरेटर, कॅबवाले, सगळं माझ्याकडे. आणि कामाची यादी केल्याशिवाय मला झोप येत नाही. मी वहीत दोन रकाने पाडले. गियरची आणि बिनगियरची. बिनगियरच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीला क्लचच नसतो, डावा पाय नुसता बसून राहतो. गुडघ्याचा प्रश्न मिटला, नर्सरीचा मिटला. वापरलेल्या ऑटोमॅटिक पिकअप कमी मिळतात, पण मिळतात. मी फोनवर बोलले, “भाऊजी, दोन रविवारांचं काम आहे. मी येते.”

“दोन?” भाऊजी म्हणाले. “मेहुणीबाई, बाजाराचा अभ्यास तरी होऊ दे.”

बाजाराचा अभ्यास सोळा रविवार चालला. आणि या सोळा रविवारांत मी जितकी गोंधळले तितकी आयुष्यात कधी गोंधळले नव्हते. माझ्या वहीतली कोणतीही यादी संध्याकाळी जशी असायची तशी ती सकाळी राहायची नाही. पहिल्या रविवारी आम्ही फरीदाबादमध्येच एका मंडपवाल्याची गियरची पिकअप बघितली. मागच्या हौद्यात लग्नाच्या खुर्च्यांचे ओरखडे आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. भाऊजींनी गाडीच्या चारी बाजूंनी तीन प्रदक्षिणा घातल्या, टायरला नखाने टोकरलं, आणि मंडपवाल्याला विचारलं, “ये गाडी आपने क्यूं ली थी?” तो बिचारा गडबडला. गाडी का विकतोय, हे सगळेच विचारतात; का घेतली, हे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी गुरुग्रामला एका हौशी तरुणाची ऑटोमॅटिक. टपावर सहा दिवे, दारांवर वाघाचं चित्र, आत इतकं मोठं संगीत की कुंडीतली माती हलावी. तिचा हौदा मात्र जेमतेम. त्या तरुणाने त्यात आजवर फक्त एक सायकल ठेवली होती, आणि तीही शोभेला. तिसऱ्या रविवारी गाझियाबादला एका डेअरीवाल्याची गियरची. इंजिन खणखणीत, पण वास असा, की ताई म्हणाली, “हिच्यात गुलाब ठेवले तर तेच म्हशींसारखे हंबरतील.”

प्रत्येक ठिकाणी भाऊजींची एक परीक्षा असायची. त्यांनी घरून जिरेनियमची एक कुंडी आणलेली असायची. जिरेनियम हे फार चिडकं झाड. जरा धक्का लागला की पाकळ्या गाळून मोकळं होतं. भाऊजी ती कुंडी मांडीवर घ्यायचे, पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि मालकाला सांगायचे, “चलो. दोन किलोमीटर. बिल्कुल नॉर्मल चलाना.” परत आल्यावर ते मांडीवरच्या पाकळ्या मोजायचे आणि मला म्हणायचे, “लिही. मंडपवाला, सात.” मी लिहायची. ऑटोमॅटिक, चार. डेअरीवाला, नऊ, पण रस्त्यात खड्डा होता, म्हणून दोन वजा. पाचव्या रविवारी नोएडातल्या एका डीलरकडे तीन ऑटोमॅटिक गाड्या एका जागी मिळाल्या. तो जुन्या गाड्यांचा डीलर हसून म्हणाला, “मॅडम, ऑटोमॅटिक में क्या है, बैठो, पैर रखो और भगवान का नाम लो. गाडी मक्खन है.” भाऊजींनी त्याला सीटशेजारची ती दांडी नीट समजावून सांगायला लावली. पुढे जाण्याची खूण, मागे जाण्याची खूण, आणि थांबण्याच्या दोन खुणा: एक नुसतं सुटं थांबायची, एक घट्ट थांबायची. या दोन थांबण्यांत भाऊजींचा फार जीव रमला. “म्हणजे बघ,” ते मला म्हणाले, “न जाण्याचेही दोन प्रकार यांनी ओळखलेत. विचार केलाय कुणीतरी.” मला वाटलं, झालं, ठरलं! वहीत मी ऑटोमॅटिकपुढे बरोबरची खूण केली. गाडीत बसताना भाऊजी म्हणाले, “पण गियरवालीत माणूस मजबूत राहतो.”

असं प्रत्येक वेळी. ऑटोमॅटिकजवळ पोचलो की गियरवालीचे गुण, गियरवालीजवळ पोचलो की ऑटोमॅटिकचे. चढावर कोण बरी, जाममध्ये कोण बरी, दुरुस्ती कुणाची सोपी, याची उत्तरं मी तीन मेकॅनिकना विचारून आणली. पहिल्याने जे सांगितलं त्याच्या उलट दुसऱ्याने सांगितलं, आणि तिसऱ्याने दोघांनाही शिव्या घातल्या. मी वहीत एकूण एकोणीस मुद्दे काढले. चौदा ऑटोमॅटिकच्या बाजूने होते. भाऊजींनी तक्ता बघितला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, “उत्तम. फक्त एक रकाना कमी आहे.” कोणता, ते सांगेनात. “अभ्यासाधीन आहे.” दरम्यान नर्सरीचं काम भाड्याच्या टेम्पोवर चाललेलं. टेम्पोवाला कुंड्या विटांसारख्या उतरवायचा आणि ताई, डॉक्टरांचं न ऐकता, लंगडत मागे धावायची. “अहो, काहीही घ्या!” ती एकदा ओरडली. “बैलगाडी घ्या! पण घ्या!” भाऊजी शांतपणे म्हणाले, “बैलगाडीचाही विचार झालाय. गुरुग्राम रस्त्यावर परवानगी नाही.”

सोळाव्या रविवारी मी हिसका दाखवायचं ठरवलं. नोएडाच्याच डीलरकडे एक ऑटोमॅटिक आली होती. वयाने लहान, हौदा लांब, टपावर दिवे नाहीत, वाघ नाही. जिरेनियमच्या पाकळ्या एक. एकच! मी सौदा ठरवला, कागद तयार केले आणि पेन भाऊजींच्या हातात दिलं. ताई घरी होती. संध्याकाळी गाडी दारात उभी करून तिला बाहेर बोलवायचं, असा बेत. भाऊजींनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, आणि डीलरला म्हणाले, “भाई, पाच मिनट,” आणि बाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहिले. कुंडी काखेत.

मी मागोमाग गेले आणि जे सोळा रविवार बोलले नव्हते ते बोलले. “भाऊजी, तिचा गुडघा जातोय आणि तुम्ही पाकळ्या मोजताय! तुम्हाला नक्की हवंय काय? मला एकदाच सांगा. मला खरंच कळत नाहीये.”

त्यांनी कुंडीच्या काठाला लागलेली माती अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, “ही गाडी घेतली, तर तुझी ताई उद्यापासून चालवेल.”

“हो! त्याचसाठी तर!”

“डावा पाय लागणारच नाही. दुखणार नाही असं नाही, पण भागेल. मग ती म्हणेल, चाललंय की. ऑपरेशन कशाला? या होळीला म्हणेल, पुढच्या होळीला म्हणेल. उजव्या पायावर गाडी चालेल गं. पण डाव्यावर एक दिवस जिना उतरता येणार नाही.” त्यांनी कुंडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. “आणि गियरची घेतली, तर तिला घरी बसावं लागेल. मग करेल ऑपरेशन. पण नर्सरी? कचेऱ्या थांबतील का तिच्यासाठी? घरी बसलेली तुझी ताई तू बघितलीयस कधी? मी नाही बघितली. मला बघायची पण नाहीये.”

मी हातातल्या वहीकडे बघितलं. एकोणीस मुद्द्यांत हा नव्हता. मी ताईची सख्खी बहीण, गुडघ्याच्या फोटोंची फाईल माझ्याच कपाटात, आणि माझ्या यादीत बिनगियरच्या गाडीपुढे पहिलाच फायदा लिहिलेला होता: ‘ऑपरेशनची घाई नाही.’ मी तो मोठ्या समाधानाने लिहिला होता.

“मग आता?” मी विचारलं. दोन्ही रकाने बरोबर होते आणि दोन्ही चूक.

“तिसरा पर्याय आहे,” भाऊजी म्हणाले. “पण त्याची प्रगती समाधानकारक नाही.” आणि खिशातून त्यांनी एक कागद काढून दाखवला. शिकाऊ लायसन्स. त्यावरच्या फोटोत ते शिक्षा झाल्यासारखे दिसत होते.

भाऊजी दोन महिने रोज सकाळी ‘फिरायला’ जात होते ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. त्यातही त्यांनी तीन स्कूलचे दर मागवले होते, पण निवड मात्र, स्वतःच्या इतिहासात प्रथमच, एका दिवसात केली होती. पुढच्या शनिवारी मी लपून बघायला गेले. मैदानावर धुळीचा लोट, त्यात स्कूलची खटारा गाडी बेडकासारखी उड्या मारत होती, आणि शेजारी बसलेले हरियाणवी उस्ताद खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, “ताऊ! यो क्लच सै, सरकारी फाइल कोनी! दाब कै मत बैठ, छोड दे!” भाऊजी सोडत नव्हते. सोडायचं कधी, यावर त्यांचा विचार चालू होता, आणि तो पूर्ण व्हायच्या आत गाडी बंद पडायची. पण दर वेळी ते चावी फिरवून पुन्हा सुरू करत होते. ते मात्र न विचारता.

होळीच्या आदल्या आठवड्यात पिकअप आली. डेअरीवाल्याचीच, आठ वेळा धुतलेली. गियरची. भाऊजींनी ती स्वतः चालवत दारापर्यंत आणली. गाझियाबादहून निघाले ते सकाळी आणि पोचले जेवणाच्या वेळेला, पण आणली. ताई फाटकात आली, गाडीकडे बघितलं, मग ड्रायव्हरच्या जागेवरून उतरणाऱ्या नवऱ्याकडे. मग बोलायला लागली ती थांबेना. “मला चालवता येणार नाही ती नेमकी शोधून आणलीत? सोळा रविवार फिरून? अक्कल गहाण ठेवली होती का? आणि तुम्ही, तुम्ही चालवताय? या वयात? मला न सांगता?”

भाऊजी सगळं ऐकून घेत होते. ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाले, “रुग्णालयाची तारीख घेतली आहे. तीन रुग्णालयं बघितली नाहीत. तुझे डॉक्टर जिथे आहेत तिथेच घेतली.”

ताईला माहीत होतं, की या माणसाने चौकशी न करता काही ठरवलं असेल तर ते आता हलणार नाही. ती फाटकाला धरून खाली बसली, तिथेच, पायरीवर, आणि हसायला लागली आणि मधूनच डोळे पुसायला लागली. आणि मी, सगळ्यांची यादी करणारी, हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिले, कारण तो कुणाला द्यायचा ते मला कळेना.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. ते तीन महिने भाऊजींनी नर्सरी चालवली. म्हणजे कुंड्या वेळेवर पोचल्या, फक्त कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत त्यांनी कोणत्या मजल्यावर कोणतं झाड, याचा सही-शिक्क्यासाठी तक्ता दिला आणि तिथले लोक अजून तो भरतायत. ताई आधी वॉकर, मग काठी, मग नुसती सवय म्हणून काठी, असं करत उठली. आता जिना सरळ उतरते. कठड्यावर धूळ जमते.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर कुंड्या पोचवायला गेले. भाऊजी चालवत होते, ताई मध्ये, मी खिडकीशी. पिकअप बदरपूरच्या जामात उभी होती. मी ताईला हळूच विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात? तू परत केव्हा चालवायला लागणार?”

“दिवाळीआधीच म्हणाले, चालवा म्हणून,” ताई म्हणाली.

“मग? तुला आवडायचं ना?”

ती समोर बघत होती. काचेतून दिसणारा तो रस्ता तिने दहा वर्षं स्टीअरिंगमागून बघितला होता. “आवडायचं गं,” ती म्हणाली. “फार आवडायचं. पण असू दे. त्यांना आत्ता कुठे जमायला लागलंय.”

जाम सुटला. समोर फ्लायओव्हरचा चढ आला आणि भाऊजी ताठ बसले. त्यांचा हात गियरच्या दांडीकडे गेला, तेव्हा माझी नजर सहज खाली गेली. ताईचा नवा डावा गुडघा किंचित पुढे सरकला. समोर काहीही नव्हतं, नुसती रबरी चटई, पण तिचं पाऊल त्या चटईवर सावकाश दाबलं गेलं, क्षणभर थांबलं आणि हलकेच सुटलं. भाऊजींनी गियर टाकला. मागच्या कुंड्या हलल्याही नाहीत, आणि गाडी चढाला लागली.